साखर टाळायचा हा काही पहिलाच प्रयत्न नाही

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. चहात काय घालायचं ते शेवटी ठरवा.

मी महागावचा. यवतमाळ जिल्ह्यातला आमचा तालुका, एका बाजूला पुसद, दुसऱ्या बाजूला उमरखेड, खाली पैनगंगा. शाळेत इतिहास शिकवतो. घरी थोडी शेती आहे, त्यात दोन एकर ऊस. वडील अडुसष्ट वर्षांचे, अकरा वर्षांपासून शुगर आहे. आमच्याकडे मधुमेह कोणी म्हणत नाही, 'शुगर आहे' असंच म्हणतात. ज्याच्या शेतात ऊस त्याच्याच रक्तात शुगर, असा विनोद बाबा स्वतःच करायचे. आता करत नाहीत.

दीड वर्षापूर्वी मला झटका आला. मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ पाहिले, 'पांढरं विष', 'साखर सोडा आयुष्य जोडा' वगैरे, आणि एका रविवारी घरातला साखरेचा डबा रिकामा करून टाकला. फॅक्टरीत तयार झालेलं गोड घरात नको, असा हुकूम काढला. साखरेच्या जागी गूळ. सकाळी कोमट पाण्यात मध. बाबांसाठी दुकानातून खास 'शुगर फ्री' बिस्किटं. घरात सगळ्यांनी कौतुक केलं. मीही दोन-चार लोकांना सल्ला देऊन मोकळा झालो.

बाबांनी हुकूम मनापासून पाळला. आधी चहात एक चमचा साखर घ्यायचे, तीही चोरून. आता गूळ म्हटल्यावर चोरी कशाची? गूळ चमच्याला साखरेपेक्षा कमी गोड लागतो, म्हणून दोन चमचे. दिवसाला चार चहा. वरून शेंगदाण्याचा लाडू, 'गुळाचा आहे नं, चालते'. बिस्किटं सहा-सात, 'शुगर फ्री आहे नं, चालते'. चार महिन्यांनी पायाच्या बोटाला चप्पल लागली, जखम भरेना. नांदेडला नेलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती तपासणी, एचबीएवनसी, आधी ७.४ होती. ती ९.८ आली. डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, "चहात काय घेता?" बाबा अभिमानाने म्हणाले, "साखर बंद आहे जी. गूळच घेतो." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी खाली.

परतीच्या वाटेवर गाडीत बाबा एवढंच बोलले, "मंग गुळानंच बोट गेलं म्हणतं का तू?" मला उत्तर देता आलं नाही. एकट्या गुळाने बोट जात नाही, अकरा वर्षांचा आजार होता, जखमेकडे दुर्लक्षही झालं होतं. पण आगीत तेल ओतायचं काम माझ्या हुकुमाने केलं, हे खरं आहे.

मग मी इतिहासाचा मास्तर असल्यामुळे जे करायला हवं होतं ते उशिरा केलं. 'साखर वाईट, गूळ चांगला' हे वाक्य आपल्या तोंडी आलं कुठून, ते शोधायला लागलो. तेव्हा लक्षात आलं की साखर टाळायची मोहीम आपल्या देशात आणि जगात निदान तीनदा होऊन गेली आहे. प्रत्येक वेळी प्रश्न वेगळा होता. आणि आपण आज चौथ्या प्रश्नाला जुनीच उत्तरं देतोय.

पहिली मोहीम तर आपल्याकडची नाहीच, पण तिच्यात आपण आहोत. गोष्ट आहे इंग्लंडमधली, १७९१ सालची. तेव्हा इंग्रजांच्या चहात पडणारी साखर यायची वेस्ट इंडिज बेटांवरून. तिथल्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम राबायचे. गुलामगिरी बंद करा असं पार्लमेंटला सांगून झालं, ऐकलं नाही. तेव्हा लोकांनी ठरवलं की आम्ही ती साखर खाणारच नाही. पत्रकं छापली, घरोघरी वाटली. त्या काळात सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली असं सांगतात. त्यात पुढाकार बायकांचा होता, कारण घरात काय शिजणार ते त्या ठरवत. पुढे १८२० च्या दशकात ही मोहीम पुन्हा जोरात आली, तेव्हा साखरेच्या भांड्यांवर लिहिलेलं असायचं की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही. म्हणजे काय, तर हिंदुस्थानातली साखर ही तेव्हा 'स्वच्छ' साखर म्हणून विकली जात होती!

प्रश्न होता, साखर कोणी केली? कोणाच्या रक्तावर? त्या प्रश्नाला साखर बदलणं हे बरोबर उत्तर होतं.

गंमत बघा, पुढे काय झालं. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ मध्ये झाला आणि मळेवाल्यांना मजूर कमी पडायला लागले. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसं नेणं सुरू झालं. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जवळपास साडेचार लाख माणसं उतरली. त्यात कोकणातली मराठी माणसंही होती, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. त्या लोकांनी पिकवलेल्या उसाची साखर जहाजाने मुंबईला यायची. गुजरातीत आजही साखरेला 'मोरस' म्हणतात. मोरस म्हणजे मॉरिशस. माणसं इकडून गेली, साखर तिकडून आली.

आणि ज्या देशाने जगाला साखर करायला शिकवलं, त्याच देशात ती आली. शर्करा, खंड हे आपलेच शब्द, जगभर फिरले. चीनच्या तांग सम्राटाने सातव्या शतकात साखर करायची रीत शिकायला माणसं मगधात पाठवली होती, अशी चिनी नोंद आहे. पण आपली जुनी पद्धत गुऱ्हाळाची. घाण्यातून रस काढायचा, काहिलीत उकळायचा, रानभेंडीच्या चिकाने मळी वर आणायची, ती काढून टाकायची, आणि गुळव्याने पाक हातात घेऊन सांगायचं, आता उतरवा. कारखान्यातली दाणेदार पांढरी साखर ही वेगळीच चीज होती. स्वस्त, पांढरी, एकसारखी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनी-ऑस्ट्रियाची बीटाची साखर यायला लागली. तिथली सरकारं निर्यातीला पैसे देत, म्हणून ती आणखी स्वस्त. इतकी, की १८९९ मध्ये कर्झनच्या सरकारला त्या साखरेवर जादा कर लावावा लागला.

आता दुसरी मोहीम. १९०५. बंगालची फाळणी, स्वदेशी आणि बहिष्कार. आपण मुलांना शिकवतो ती पुण्यातली विलायती कापडांची होळी. पण बहिष्काराच्या यादीत कापडाच्या शेजारी साखर होती, हे पुस्तकात एका ओळीत संपतं. परदेशी साखर नको, देशी साखर नाहीतर गूळ खा, असा प्रचार झाला. टिळकांची माणसं महाराष्ट्रभर होती, वऱ्हाडात अमरावतीला दादासाहेब खापर्डे होते. त्या काळात एक गोष्ट तोंडोतोंडी पसरली, की परदेशी साखर हाडांनी शुद्ध करतात, त्यात रक्त वापरतात. आज आपण तिला अफवा म्हणून सोडून देऊ. पण तिच्यात तथ्य होतं. युरोपातल्या कारखान्यांत साखरेचा रंग घालवायला हाडांचा कोळसा वापरत असत. सणाच्या पुरणात ते जाणार म्हटल्यावर माणसं बिथरली नसती तरच नवल.

योगायोग म्हणजे त्याच १९०५ साली आमचा पुसद तालुका, ज्यात तेव्हा महागाव येत होतं, वाशीम जिल्ह्यातून काढून यवतमाळला जोडला गेला. त्या वेळच्या आमच्या भागात साखर किती होती? फार थोडी. हा कापूस-ज्वारीचा मुलूख. गोड म्हणजे बाजारातून आणलेली गुळाची भेली. (पश्चिम महाराष्ट्रात गुळाची ढेप म्हणतात. आमच्याकडे ढेप म्हटलं की सरकीची, जनावरांची.) रानात मोहफुलं, कधी मध. हुरड्याच्या दिवसांत पोरं ज्वारीचा गोड धांडा चघळत फिरायची. सणाला पुरणपोळी, एरवी पाहुणा आला तर पाण्यासोबत गुळाचा खडा. गोड होतं, पण त्याला दिवस होता, निमित्त होतं.

तेव्हा प्रश्न होता, साखर कुठून आली? पैसा कोणाच्या खिशात जातो? त्याला उत्तर होतं, आपली साखर खा. बरोबर उत्तर.

तिसरी मोहीम आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून निघाली. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत. सूत्रं जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे. हातसडीचा तांदूळ, घाण्याचं तेल, जात्यावरचं पीठ आणि गूळ. गिरणीतली साखर गावातला धंदा बुडवते आणि अन्नातलं सत्त्वही काढून घेते, असं त्यांचं म्हणणं. ताडाच्या-शिंदीच्या रसाचा गूळ करण्याचे प्रयोगही याच चळवळीत झाले, गजानन नाईक यांनी त्यात आयुष्य घातलं. 'साखरेपेक्षा गूळ पौष्टिक' हे जे वाक्य माझ्या तोंडात होतं, त्याचं मोठं मूळ मला इथे सापडलं. वर्धा म्हणजे यवतमाळहून दीड-दोन तासांचा रस्ता.

आणि इथेच इतिहासाची दुसरी बाजू. मगनवाडीची जागा दिली जमनालाल बजाजांनी. त्याच जमनालालजींनी १९३१ मध्ये उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथला साखर कारखाना काढला होता. ढोंग? मला तसं वाटत नाही. १९०५ च्या प्रश्नाला 'स्वदेशी साखर' हे उत्तर होतं आणि १९३४ च्या प्रश्नाला 'गावचा गूळ'. एकाच माणसाच्या घरात दोन्ही उत्तरं नांदत होती. १९३२ मध्ये सरकारने जावाच्या साखरेपासून संरक्षण देणारा कायदा केला. त्या आधी देशात साखर कारखाने होते ३२. चार-पाच वर्षांत ते १३० च्या पुढे गेले. परदेशी साखर जवळपास बंद झाली. दुसरी मोहीम जिंकली. आणि ती जिंकली म्हणूनच तिसरी हरली. आता साखर स्वदेशी होती, मग ती सोडायची कशाला?

पुढचं तुम्हाला माहीत आहे. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी कारखान्याचं बॉयलर पेटलं आणि महाराष्ट्रात साखर म्हणजे विकास असं समीकरण झालं. शाळा, कॉलेज, दवाखाना, आमदारकी, सगळं चिमणीच्या सावलीत. हे मी टोमण्याने म्हणत नाही. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला विचारा, गावाजवळ कारखाना असणं म्हणजे काय ते.

आमच्याकडे ते स्वप्न उशिरा आलं. मुख्यमंत्री वसंतराव नाईक आमच्या पुसदचे, गहुलीचे. इसापूरचं धरण, पैनगंगेचं पाणी, आणि त्यामागून ऊस. उमरखेड तालुक्यात पोफाळीला 'वसंत' सहकारी, आमच्या महागाव तालुक्यात गुंजला दुसरा. दोन्ही सहकारी म्हणून उभे राहिले, दोन्ही काही हंगाम बंद पडले. गुंजचा पुढे खाजगी कंपनीने घेतला. कारखाना बंद असताना उभा ऊस शेतात वाळताना मी पाहिलाय. त्या वर्षी आमच्या घरात साखरेबद्दल कोणी वाईट बोललं नाही, ती गाळणारा कोणी भेटावा एवढीच प्रार्थना होती. आणि आमच्याच तांड्यांवरची माणसं दसरा-दिवाळीनंतर पोरंबाळं घेऊन ऊसतोडीला जातात, तेही विसरून चालत नाही. मॉरिशसची जहाजं थांबली, ट्रॅक्टर-ट्रॉल्या थांबल्या नाहीत.

आता घरातलं. माझी आजी साखरेला 'कंट्रोलची साखर' म्हणायची. आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणतात. १९६७-६८ पासून कारखान्यांची बरीचशी साखर सरकार लेव्ही म्हणून ठरलेल्या भावात घ्यायचं आणि ती कार्डावर मिळायची. ही पद्धत थेट २०१३ पर्यंत चालली. दिवाळीला थोडी जास्त मिळाली की बातमी व्हायची. मोजून मिळणारी वस्तू मौल्यवान वाटते. आजीचा नियम होता, "साखर पावण्यायले, गूळ आपल्याले." पाहुण्यांना गुळाचा चहा देणं म्हणजे गरिबी उघडी पाडणं. ज्या घरात रोज साखरेचा चहा, ते घर सुधारलं.

चहाचंही बघा. चहा आपल्या गावात आपोआप आला नाही. १९३० च्या दशकात चहा मळेवाल्यांच्या पैशाने बाजारा-जत्रांत फुकट चहा पाजून सवय लावली गेली. चहा आला तो साखर घेऊनच. वर्षातून दहा-पंधरा वेळा येणारं गोड दिवसातून चार वेळा यायला लागलं. मला विचाराल तर आपल्या जेवणातला सगळ्यात मोठा बदल हाच. गोडाचा दिवस गेला, गोडाची वेळ आली.

आणि आता तर वेळही गेली. आता गोड कळतही नाही, कधी खाल्लं ते.

नांदेडहून आल्यावर मी घरातली पाकिटं टेबलावर मांडली आणि भिंग घेऊन बसलो. खरंच भिंग घेतलं, अक्षर तेवढं बारीक आहे. टोमॅटो सॉसमध्ये साखर, ते ठीक, अंदाज होता. पण ब्रेडमध्ये, चहासोबतच्या टोस्टमध्ये, तिखट शेवेच्या एका पाकिटात, इन्स्टंट सूपमध्ये, मुलीच्या खोकल्याच्या औषधात, 'मल्टीग्रेन' लिहिलेल्या बिस्किटात, सगळीकडे. आणि प्रत्येक वेळी तिचं नाव साखर नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट. सगळे एकाच खानदानातले. माल्टोडेक्स्ट्रिन जिभेला फारसं गोडही लागत नाही, पण रक्तातली साखर साध्या साखरेइतकीच, किंबहुना लवकर वाढवतं.

एक साधी गोष्ट मला त्या दिवशी कळली, जी नियमात आहेच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. पण साखर चार वेगवेगळ्या नावांनी घातली की चौघी खाली खाली जातात आणि पहिल्या नंबरवर गव्हाचं पीठ मिरवतं.

मग बाबांची ती 'शुगर फ्री' बिस्किटं. खोटं काही लिहिलं नव्हतं. आपल्या नियमात शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तर 'शुगर फ्री' लिहिता येतं. पण त्यात मैदा होता, गोडव्यासाठी माल्टिटॉल होतं, आणि एकूण कर्बोदकं शंभर ग्रॅममागे सत्तरच्या घरात. मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते. शुगर फ्री म्हणजे बिस्किटात साखर नाही. रक्तात होणार नाही, असं कोणीच म्हटलं नव्हतं. ते आम्ही समजून घेतलं.

कृत्रिम गोडाची गोष्टही जुनीच. सॅकरिन १८७९ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगशाळेत योगायोगाने सापडलं, फालबर्ग नावाच्या रसायनतज्ञाच्या हाताला जेवताना गोड लागलं म्हणून. पहिल्या महायुद्धात साखर मिळेना तेव्हा ते पसरलं. आपण लहानपणी खाल्लेल्या गारेगारचा तो जिभेच्या मागे कडवट लागणारा गोडवा आठवतो? बहुतेक तेच. नंतर ॲस्पार्टेम, सुक्रालोज. पाकिटावर नाव नसेल तर नंबर असतो, ९५०, ९५१, ९५४, ९५५. हे विष आहे असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ मध्ये ॲस्पार्टेमला 'शक्यता आहे' या गटात टाकलं, आणि त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा, किलोमागे ४० मिलिग्रॅम, होती तीच ठेवली. ज्याला शुगर आहे तो डॉक्टरांना विचारून चहात गोळी टाकत असेल तर टाको. पण वजन कमी करायला म्हणून हे घेऊ नका, असं त्याच संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे.

आणि गूळ? गुळात लोह आहे, खनिजं आहेत, खरं आहे. पण चहातल्या दोन चमच्यांतून मिळणारं लोह किरकोळ. ग्रॅमाला कॅलरी जवळपास साखरेएवढ्याच. गुळाचा मोठा भाग साखरच, तीच सुक्रोज. वर बाजारातला पिवळाधमक गूळ तसा दिसावा म्हणून हायड्रोस पावडर घालतात, आणि साखर स्वस्त झाली की गुळातच साखर मिसळतात. म्हणजे आपण फॅक्टरीची साखर टाळायला गूळ आणायचा आणि त्यात फॅक्टरीचीच साखर निघायची.

आता मुद्द्यावर येतो. १७९१ चा प्रश्न होता, कोणी केली. १९०५ चा, कुठून आली. १९३४ चा, कशी केली. आजचा प्रश्न आहे, किती, आणि कुठे लपली आहे. गूळ हे १९०५ आणि १९३४ च्या प्रश्नांचं उत्तम उत्तर आहे. आजही चांगल्या गुऱ्हाळवाल्याकडून गूळ घ्या, त्याच्या चुलीत जाळ राहील. पण 'किती' या प्रश्नाला गूळ हे उत्तरच नाही. मी आजोबांच्या परीक्षेची उत्तरपत्रिका बाबांच्या परीक्षेला लिहून आलो. बोट गेलं ते त्यांचं.

'किती' हा प्रश्न साधा नाही. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि साडेतेरा कोटी उंबरठ्यावर. बाहेरून घातलेली साखर, मध आणि रसातली धरून, रोजच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांपर्यंत आणली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. बाबांचे नुसत्या चहातले आठ होत होते. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कुठल्या पेयात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. त्या परिपत्रकात म्हटलं होतं की चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या कॅलरींपैकी १३ टक्के साखरेतून येतात. आमची शाळा सीबीएसईची नाही, तरी मी वर्गात तसा बोर्ड लावला. पोरांनी बाटल्या आणल्या, वाचल्या, चमच्याने साखर मोजून काचेच्या ग्लासात ठेवली. इतिहासाच्या तासाला इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती.

पण सगळं आपल्यावरच का? लेबलवर भिंग लावून बसणं हे माझ्या आईला जमणार आहे का? तिला मराठी वाचता येतं, माल्टोडेक्स्ट्रिन नाही. आपल्या नियमानुसार पाकिटावर इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी असली की झालं. मराठी चालते, पण सक्तीची नाही. दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. पोटात जाणाऱ्या वस्तूची पाटी मराठीत हवी असं कोणी का म्हणत नाही? चिलीसारख्या देशात २०१६ पासून जास्त साखर असलेल्या पाकिटावर पुढेच काळा अष्टकोन छापावा लागतो. आपल्याकडे पाकिटाच्या पुढच्या बाजूला इशारा असावा यावर वर्षानुवर्षं चर्चाच चालू आहे, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विचारणा केली.

बदल होत नाही असं नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी एकच मुद्दा धरला. दुकानात 'ओआरएस' नावाने मिळणारी गोड पेयं खरी ओआरएस नाहीत, त्यांत साखर कितीतरी जास्त आहे आणि जुलाब झालेल्या बाळाला ती घातक ठरू शकतात. वर्षानुवर्षं लढल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला बंदी घातली. एक बाई, एक शब्द, पण पाकिटावरून निघाला.

आमच्या घरात आता काय चालतं? साखरेचा डबा परत आलाय. गुळाचा डबाही आहे. पण दोन्ही दिसतात, हे महत्त्वाचं. जे गोड आपण डोळ्यांनी बघून चमच्याने घालतो ते मोजता येतं. जे पाकिटात लपून येतं ते नाही. म्हणून रोजच्या वापरातली पाकिटं आधी कमी केली. बाबांचा चहा दिवसाला दोन, अर्धा चमचा, हळूहळू तोही सोडताहेत. चार वाजता बिस्किटाऐवजी फुटाणे, कधी भाजलेले शेंगदाणे. पोळ्याला, दिवाळीला पुरणपोळी होते, त्यांना अर्धी मिळते, आणि ते ती आधीच्या दोन पोळ्यांपेक्षा जास्त वेळ खातात. गेल्या तपासणीत आकडा ७.६ आला.

शेतात ऊस अजून आहे. तो काढून काय लावायचं हे मला सुचलेलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. यंदाही तो गुंजलाच जाईल. परवा बाबा काठी टेकत बांधावर आले, उसाकडे बघून म्हणाले, "याचा काही दोष नाही गा." मी म्हटलं, नाही. "अन् गुळाचाही नाही." नाही. मग थोडं थांबून म्हणाले, "मंग पाकीट वाचायचं शिकव मले."

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक पाकीट वाचतो आम्ही दोघं. तुम्हीही आज एक करा. घरातलं कुठलंही उचला, मागची यादी वाचा, आणि साखर किती नावांनी सापडली ते खाली लिहा. बघू या, कोणाच्या घरात किती मोरस निघते ते.